वीज तुझ्या नावावर

यिशुन, १९ जून २०१६

चि. अभय,

पाकिटावर सुनेत्रा मेहेंदळे हे नाव बघून कुठली तरी जाहिरात समजशील आणि न फोडता टाकून देशील, म्हणून खाली कंसात अरुणा लिहिलंय. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण माझं सासरचं नाव ना आईच्या तोंडात बसलं, ना तुझ्या. तुमच्यासाठी मी अरुणाच. खरं सांगू? मला ते बरं वाटतं.

व्हॉट्सॲपवर तू मला ब्लॉक केलंस. ई-मेल केला की "पाहतो" असा एक शब्द येतो. पत्राला काही ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे. सिडनीचा पत्ता आईकडून घेतला. देताना तीही कुरकुरलीच. म्हणाली, "त्याला त्रास देऊ नकोस गं, नवीन नोकरी आहे त्याची." म्हणजे आता मी त्रास! घ्या.

मुद्द्याचं बोलते. तुला फ्लॅट विकायचाय आणि महिनाअखेर आम्ही तो रिकामा करून हवाय. तुझा फ्लॅट, तू खुशाल विक. पण तुझी भाची, आर्या, सहावीत आहे रे. इथली सहावीची परीक्षा, पीएसएलई, म्हणजे काय प्रकार असतो ते तुला मी सांगायला नको, पुढची शाळा तिच्यावरच ठरते. अख्ख्या ब्लॉकमधल्या आया सध्या दबक्या आवाजात बोलतायत. सप्टेंबरच्या शेवटी परीक्षा सुरू होते, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात संपते. तेवढी होऊ दे. शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवशी किल्ल्या तुला.

"दुसरीकडे बघा ना मग," असं तुझी बायको फोनवर म्हणाली. वल्लरीला सांग, बघितलं. तीन महिन्यांसाठी कुणी घर देत नाही, आणि दोन वर्षांचा करार करावा तर शैलेंद्रचा नोकरीचा पास डिसेंबरात संपतोय, पुढे मिळेल न मिळेल.

आणि आम्हाला घालवायला तुला नोटीसही लागत नाही, हे मला आत्ता कळायला लागलंय. आम्ही आलो तेव्हा तू म्हणालास, "ताई, तू काय भाडेकरू आहेस? माहेरी आलीयस तू." केवढं भरून आलं होतं मला! घरात राहणाऱ्यांची नावं हाउसिंग बोर्डात लावायची असतात, हे मला कुठे ठाऊक? तू ती लावली नाहीस. सरकारी फ्लॅटात मालकानं स्वतः राहायचं असतं, आणि नावं लावली असतीस तर तू इथे राहत नाहीस, तेव्हा ईस्ट कोस्टला खासगी कॉन्डोत राहायचास, हे उघडं पडलं असतं. म्हणून तुझी खोली कुलपात, तुझ्या चपला आमच्या दारात, आणि दर महिन्याला भाडं पाठवताना बँकेच्या शेऱ्यात लिहायचं काय, तर "वाढदिवसाची भेट". वर्षातून बारा वाढदिवस असलेला पुणेकर तू एकटाच असशील.

शैलेंद्र एकदा म्हणाला होता, "एखादा कागद करून घेऊ या का?" तर मीच उखडले त्याच्यावर. भावाकडे कुणी करार मागतं का? माझ्या माहेरच्यांवर संशय घेतोस का? असं बरंच काय काय बोलले. बिचाऱ्यानं विषय सोडून दिला.

ऑक्टोबरपर्यंत, अभ्या. हो म्हण.

तुझी
अरुताई


यिशुन, ८ ऑगस्ट २०१६

चि. अभय,

अनेक अनेक आशीर्वाद, आणि या वेळी अगदी पोटातून!

आईचा फोन आला. म्हणाली, "अभय म्हणाला, परीक्षेपर्यंत राहा म्हणावं." मी तिथल्या तिथे शिरा केला. शैलेंद्रला म्हटलं, बघ, उगाच शंका काढत होतास. त्यानं दोनदा शिरा घेतला. आर्याचं म्हणणं, इथल्या पोरांचं ते 'लाह' लावून, "मामा सो नाइस लाह, आय टोल्ड यू." तिनं मला असं काही टोल्ड वगैरे केलं नव्हतं, पण असू दे.

मागच्या पत्रात मी जरा तोंड सोडलं होतं. तुला माझा स्वभाव माहीतच आहे. राग नाकावर, पण दुसऱ्या मिनिटाला मीच चहा ठेवते. सोबत राखी पाठवतेय. लिटल इंडियातून आर्यानं निवडली. जरा चकचकीत आहे, ऑफिसात घालून जाऊ नकोस.

आता घरात फक्त अभ्यास चालू आहे. आर्यानं जेवणाच्या टेबलावर पसारा मांडलाय आणि आम्ही दोघं ताटं हातात घेऊन सोफ्यावर जेवतो. गणित तिचं पक्कं आहे. सर म्हणाले, हिच्याकडून मला मोठी आशा आहे. मला तर झोपेतसुद्धा तिची ती पुढची शाळा दिसते, बिशानची. तिथे ती गेली की मी सुटले.

हो, एक राहिलं. वीज कंपनीकडून तुझ्या नावाचं एक पाकीट आलंय. बिल तर तुला ई-मेलवर येतं, तू मला आकडा कळवतोस, मी तुला पैसे पाठवते, मग हे काय असेल कोण जाणे. उघडलेलं नाही. दुसऱ्याच्या नावाचं पाकीट फोडणं म्हणजे त्याच्या खिशात हात घालणं, असं बाबा म्हणायचे ना. टेबलाच्या कोपऱ्यात ठेवलंय. कुणाबरोबर पाठवू ते कळव.

तुझी
अरुताई


यिशुन, २९ ऑगस्ट २०१६

अभय,

चि. लिहायला हात झाला नाही.

शुक्रवारी दुपारी वीज गेली. मला वाटलं, स्विच पडला असेल. बाहेर आले तर मीटरच्या कपाटाशी एक माणूस उभा. अगदी नम्रपणे म्हणाला, "अकाउंट क्लोज्ड, मॅडम. ओनर रिक्वेस्ट." पाणी त्याच खात्यावर, तेही गेलं. मी भाजी फोडणीला टाकून आले होते, ती चुलीवर तशीच. मग ते पाकीट फोडलं. आत लिहिलेलं, आपल्या विनंतीवरून आपलं खातं बंद करत आहोत. खाली तारीखसुद्धा दिलेली. इतके दिवस ते टेबलावर पडलं होतं आणि मी शहाणी त्याच्यावर रोज फडकं मारत होते!

बिल थकवलं असतंस तर मी भरलं असतं रे. थकलेलं कुणीही भरू शकतं. पण तू खातंच बंद केलंस. ते मी कशी उघडू? काउंटरवर गेले. तिथली पोरगी म्हणाली, भाडेकरू आहात ना, मग भाडेकरार आणा. म्हटलं, करार नाही, भावाचं घर आहे. तिनं माझ्या पासवरचं नाव वाचलं, स्क्रीनवरचं तुझं वाचलं, आणि म्हणाली, "मग भावालाच सांगा ना उघडायला, ऑनलाइन होतं, पाच मिनिटांचं काम." मी हो हो म्हणत बाहेर पडले. भाऊ माझा फोन घेत नाही, हे त्या परक्या पोरीला काय सांगायचं?

आईला सांगितलं. आई म्हणते, "चुकून झालं असेल त्याच्याकडून." चुकून! चुकून माणूस चहात मीठ घालतो. वीज कंपनीला विनंतीपत्र चुकून पाठवत नाही. परीक्षेपर्यंत राहा म्हणालास ते काय होतं मग? आईपुढे चांगलं दिसायला? का तुला वाटलं, अंधारात ही बया आपोआप निघून जाईल?

शैलेंद्र म्हणाला, "तुझ्या माहेरचं तू बघ." अठरा वर्षांत कधी हा शब्द काढला नव्हता त्यानं. 

आत्ता हे लिहितेय ते समोरच्या लिम आंटीच्या विजेवर. म्हातारीनं एका शब्दानं काही विचारलं नाही. स्वतःच्या घरातून लांब वायर काढली, पॅसेज ओलांडून आमच्या दाराखालून आत सरकवली. एक पंखा आणि एक दिवा चालतो. पाणीही तिच्याकडूनच भरतो, बादलीनं. आर्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "यू स्टडी, गर्ल." मला तिच्यासमोर इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं!

खातं चालू कर. मोठी आहे मी तुझ्यापेक्षा, तरी पाया पडते. चालू कर.

अरुणा


यिशुन, १४ सप्टेंबर २०१६

चि. अभय,

मागचं पत्र विसरून जा. तोंडाला येईल ते लिहिलं मी. इथे तसं सगळं ठीक आहे.

ठीक म्हणजे काय, तर चाललंय. आर्या शाळेतून परस्पर लायब्ररीत जाते, बंद होईपर्यंत तिथेच बसते. मग ब्लॉकखाली दगडी टेबलं आहेत तिथे. आंघोळीला आम्ही स्विमिंग पूलवर जातो, तिकीट काढून. पहिल्या दिवशी तिला मजा वाटली, "लाइक कॅम्पिंग लाह" म्हणाली. आता पाच मिनिटांत आटपून बाहेर येते. परवा शाळेत तिला डुलकी लागली म्हणून सरांचा फोन आला. मी सांगितलं, पोट बरं नव्हतं तिचं. गणपती बसवला नाही यंदा. आईला मात्र सांगितलं, बसवलाय. तिनं फोटो मागितला, तर गेल्या वर्षीचा पाठवला. "मखर छान झालंय गं," म्हणाली.

आता नीट वाच. लिम आंटीची ती वायर पॅसेजमधून जात होती ना, टाउन कौन्सिलच्या माणसानं ती पाहिली. पॅसेजमध्ये वायर टाकायला बंदी आहे, कुणी अडखळेल, आग लागेल. आंटीला ताकीद मिळाली. तो विचारायला लागला, वायर कशासाठी, तर ती भाबडेपणानं म्हणाली, समोर वीज नाही, ओनरची सिस्टर राहते तिथे, इतकी वर्षं झाली. झालं. तिथून गोष्ट हाउसिंगच्या ऑफिसात पोचली. पुढच्या आठवड्यात त्यांचं माणूस घरी येणार आहे. तुलाही त्यांनी ई-मेल करून विचारलंय, हे लोक तुमचे कोण.

शैलेंद्रच्या ऑफिसातला रुचिर आहे, बिशानला राहतो, त्याच्या मित्राचं असंच काहीसं झालं होतं. तो म्हणतो, मालकानं घरचं माणूस म्हणून लिहून दिलं, तर निदान नावं लावायला मुदत मिळते. मुदत मिळाली की परीक्षा पार पडते. मला तेवढंच हवंय. वीजसुद्धा नको आता, राहू दे. अंधारात काढू. फक्त तिला पेपरच्या आदल्या दिवशी गाद्या गुंडाळून कुठे निघायला लागू नये.

म्हणून एकच वाक्य लिही त्यांना. ही माझी सख्खी बहीण आहे, मीच ठेवून घेतलंय. बस. फ्लॅट, भाडं, तुझी ईस्ट कोस्टची जागा, यातलं मी काहीएक बोलणार नाही, आर्याची शपथ. एवढं एक वाक्य, अभ्या. खोटंसुद्धा नाही ते.

तुझीच
अरुताई


बिशान, ६ ऑक्टोबर २०१६

श्री. अभय खांबेटे यांस,

स. न. वि. वि.

परक्या माणसाला लिहितात तसं, अहो-जाहो करून लिहायचं ठरवलं होतं. दोन ओळीसुद्धा जमत नाही. तर ऐक.

हाउसिंगच्या ऑफिसातून त्या बाई आल्या. माझ्याच वयाच्या असतील. चपला बाहेर काढून आत आल्या, विझलेला फ्रिज पाहिला, बादल्या पाहिल्या, तुझ्या खोलीचं कुलूप पाहिलं. मग टेबलाशी बसल्या. आर्या नुकतीच शाळेतून आली होती, माझ्या खुर्चीमागे उभी होती. बाईंनी तुझा ई-मेल मला वाचून दाखवला. ओळखीच्यांच्या ओळखीतलं एक कुटुंब आहे, चार दिवसांसाठी जागा दिली, आता निघायला तयार नाहीत. शेजारी म्हणतात ही तुमची बहीण, असं त्यांनी पुन्हा विचारलं होतं. त्यावर तुझं उत्तर: "माझी एकच बहीण आहे, पुण्याची. तिचं नाव अरुणा खांबेटे. सुनेत्रा नावाची माझी कुणी बहीण नाही."

शाब्बास.

माझं नाव बदललं तो दिवस तुला आठवतो का रे? ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं सुनेत्रा लिहिलं होतं, आणि तू, आठवीतला मुलगा, पुढे येऊन सगळ्या तांदळांवरून हात फिरवलास. "माझ्या ताईचं नाव अरुणाच राहणार," म्हणून रडलास भर मांडवात. सगळे हसले, सासूबाईंनी तांदूळ पुन्हा सारखे केले. मी मात्र हसले नव्हते. कुणीतरी आहे आपलं म्हणणारं, असं वाटलं होतं मला. आणि आता त्याच नावाआड लपलास तू! दुसऱ्या कुणाला हे सुचलं नसतं. घरचंच माणूस लागतं त्यासाठी.

बाईंनी माझा पासपोर्ट हातात घेतला. फोटोशेजारी सुनेत्रा शैलेंद्र मेहेंदळे. त्यात अरुणा नाही, वसंत नाही, खांबेटे नाही. बाई म्हणाल्या, "बँकेतून त्यांना पैसे जातात ते गिफ्ट म्हणून. करार नाही. म्हणजे तुम्ही भाडेकरू असल्याचाही पुरावा नाही. मला एवढंच सांगा, ते तुमचे भाऊ आहेत की नाहीत?"

आपल्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आई-वडिलांची नावं असतात. वसंत खांबेटे, सुमती खांबेटे. तुझ्याही पासपोर्टावर तीच. बाईंना ते ठाऊक नव्हतं, त्या पहिल्याच पानावर होत्या. ते पान उघडलं की तू सरकारशी धडधडीत खोटं बोललास हे सिद्ध. मग तुझं पीआर, इथलं कायमचं वास्तव्य, गेलं असतं, फ्लॅट गेला असता, सिडनीच्या ऑफिसपर्यंत शोभा झाली असती. मी पासपोर्ट मागून घेतला. बोट त्या पानापर्यंत गेलं होतं माझं, तुला खरं सांगते. मागून आर्या बोलायला लागली, "बट ही इज माय..." मी तिचं मनगट दाबलं.

मी म्हटलं, "नाही. ते माझे भाऊ नाहीत."

ताईनं आपल्याला वाचवलं, असं वाटून घेऊन तिकडे रडत बसू नकोस. मी कशासाठी म्हटलं ते माझं मलाही पुरतं कळलेलं नाही. आईच्या डोळ्यांदेखत तुझं वाटोळं नको, हे होतं. पण ते वाक्य बोलताना जीभ अडखळली नाही, हेही होतं. अगदी सहज निघालं. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

बाई वाईट नव्हत्या. आर्याच्या पुस्तकांकडे बघून त्यांनी विचारलं, "पीएसएलई?" मी मान हलवली. त्या म्हणाल्या, रविवारपर्यंत निघा, त्यापुढे माझ्या हातात नाही. फ्लॅटचं काय करणार ते त्यांनी सांगितलं नाही. मला कशाला सांगतील? मी ना मालकाची बहीण, ना भाडेकरू.

रविवारी रुचिरच्या हॉलमध्ये येऊन पडलो. त्याची बायको चांगली आहे, पण लहान मूल आहे त्यांना, ते रडायचं, आर्या उठून बसायची. शैलेंद्रनं मला दोष दिला असता तर बरं झालं असतं.  किल्ल्या लिम आंटीकडे आहेत. निघताना तिनं आर्याला संत्री दिली आणि मला म्हणाली, "सॉरी, सॉरी, माय वायर." तिला वाटतं, सगळं तिच्यामुळे झालं. मी तिला मिठी मारून रडले. तुझ्या वाट्याचं सॉरी एका चिनी म्हातारीनं म्हटलं.

गणिताचा पेपर आर्यानं अर्धा कोरा दिला. येत नव्हतं असं नाही, म्हणाली, पेन हातात होतं, नुसती बसून राहिले. ती बिशानची शाळा आता आमच्या खिडकीतून दिसते. ती तिकडे पाठ करून बसते.

काल शेवटचा पेपर झाला. आम्ही बसनं येत होतो. इतके दिवस ती माझ्याशी जेवण आणि कपडे सोडून काही बोलली नव्हती. खिडकीबाहेर बघत एकदम म्हणाली, "आई, ऑफिसर आंटीला तू म्हणालीस मामा तुझा ब्रदर नाही. आणि मला इतकी वर्षं सांगितलंस, मामा आहे, मामाचं घर आहे, मामा आपल्याला ठेवून घेईल. व्हिच वन इज द लाय?"

मी तिला सांगितलं, तुला सांगितलं ते.

"ओके," म्हणाली. 

सुनेत्रा शैलेंद्र मेहेंदळे